केस कुठे थांबवावी?

दिल्लीत मंडी हाउसच्या गोल चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग तसा आखूड. रमतगमत चाललं तरी दहा-बारा मिनिटांत संपतो. मराठी माणसाला तो ठाऊक असतो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. दिल्लीकरांना तो ठाऊक असतो नाटकांमुळे: चौकाच्या बाजूला कमानी सभागृह आणि लिटल थिएटर ग्रुपचं नाट्यगृह, शेजारच्या भगवानदास रोडवर राष्ट्रीय नाट्य विद्यालय. आणि काळा कोट घालून, बगलेत फायली घेऊन जाणाऱ्यांना तो ठाऊक असतो आणखी वेगळ्या कारणाने. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण याच रस्त्यावर, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण इथल्याच फरीदकोट हाउसमध्ये, पतियाळा हाउसची न्यायालयं बाजूला आणि सर्वोच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर. एवढ्याशा टापूत रोज सकाळी घडून गेलेल्या गोष्टींचा निवाडा होतो आणि संध्याकाळी त्याच टापूत कधीच न घडलेल्या गोष्टी लोकांच्या डोळ्यांसमोर घडतात.

ज्याच्या नावाने हा रस्ता आहे तो कोपर्निकस आपल्याला फक्त सूर्य मध्यभागी आणणारा म्हणून माहीत. पण त्याने पदुआच्या विद्यापीठात वैद्यक शिकलं होतं, 1503 साली फेरारातून चर्चच्या कायद्याची डॉक्टरकी घेतली होती, आणि पोलंडला परतल्यावर बिशप असलेल्या आपल्या मामाचा वैद्य म्हणून काम केलं होतं. कायदा आणि वैद्यक एकाच माणसाच्या डोक्यात नांदत होते. रस्त्याला नाव देणाऱ्यांच्या मनात हे असेल असं वाटत नाही, पण माझ्या विषयाला ते फार सोयीचं आहे.

विषय असा: वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी चर्चा करावी म्हणून जी ‘केस’ लिहिली जाते, ती चांगली कशी लिहायची? म्हणजे अशी, की ती वाचल्यावर मागच्या बाकावरचा मुलगाही मोबाइल खाली ठेवून म्हणेल, ‘थांबा, मला हे पटत नाही.’ माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की या केसला दोन आईबाप आहेत, न्यायालय आणि रंगभूमी. दोघांकडून तिला गुणही आले आहेत आणि खोडीही. गुण घ्यायचे आणि खोडी मोडायच्या, एवढंच केस लिहिणाऱ्याचं काम.

आधी न्यायालयाकडचं नातं. 1870 साली हार्वर्डच्या कायदा विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी व्याख्यानं बाजूला सारून विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष निकालपत्रं ठेवायला सुरुवात केली. त्यानंतर तीसएक वर्षांनी तिथेच वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅननने पाहिलं की त्याच्या खोलीतला कायद्याचा विद्यार्थी वर्ग सुटल्यावरही खटल्यांवर हिरिरीने बोलतो, आणि आपण मात्र तासन्‌तास व्याख्यानं उतरवून घेतो. 1900 मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्याने बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला: रुग्णांच्या खऱ्या नोंदी छापून द्या, मुलांना त्यांवर वाद घालू द्या. (हाच कॅनन पुढे ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया मांडणारा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला.) त्याच शहरातल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी ही कल्पना उचलली आणि त्यातून ज्याला आज आपण सीपीसी (क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स) म्हणतो ती परंपरा उभी राहिली. एक डॉक्टर उभा राहून रुग्णाच्या नोंदींवरून तर्क लढवतो, आणि शेवटी विकृतिशास्त्रज्ञ उठून शवविच्छेदनात काय सापडलं ते सांगतो. दिल्लीच्या एम्सपासून मुंबईच्या केईएमपर्यंत ती परंपरा आपल्याकडेही रुजली.

सीपीसी पाहायला मजा येते यात शंका नाही. पण ती मजा कोड्याची आहे. उत्तर आधीच पाकिटात बंद आहे, एक वरिष्ठ डॉक्टर ते ओळखणार आहे, आणि बाकीचे शंभर जण टाळ्या वाजवणार किंवा मनातल्या मनात हसणार आहेत. विद्यार्थी इथे प्रेक्षक असतो. शिवाय कोड्याची सवय लागली की विद्यार्थ्याला वाटू लागतं, प्रत्येक रुग्णाच्या पोटात एक दुर्मीळ आजार दडून बसलाय आणि तो शोधला की काम झालं. वॉर्डात काम तिथून सुरू होतं.

रंगभूमीकडचं नातं पुष्कळ नंतरचं. 1963 च्या सुमारास कॅलिफोर्नियातले मेंदूविकारतज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी एका स्त्रीला शिकवून तयार केलं: पाय लुळे पडलेल्या रुग्णाचं सोंग तिने इतकं हुबेहूब वठवायचं की विद्यार्थी तिला तपासतील, प्रश्न विचारतील, आणि नंतर तीच सांगेल की कोणी तिला माणसासारखं वागवलं आणि कोणी नाही. पुढे बॅरोज कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात गेले. तिथे 1969 पासून पहिल्या दिवसापासूनच रुग्णाच्या समस्येवरून शिकण्याचा प्रयोग चालू होता. आज जगभर, आपल्याकडेही, ‘समस्याधारित शिक्षण’ म्हणून जे ओळखलं जातं त्याचं हे माहेर.

दिल्लीत या नात्याला आणखी एक फाटा फुटला. यमुनेपलीकडे दिलशाद गार्डनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये काही अध्यापकांनी वैद्यक आणि मानव्यविद्या यांची सांगड घालणारा गट उभा केला आणि 2011 मध्ये ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या ‘पीडितांच्या रंगभूमी’ची कार्यशाळा घेतली. बोआलच्या नाटकात अन्यायाचा प्रसंग रंगात आला की प्रेक्षकातला कोणीही ‘थांबा’ म्हणू शकतो. मग तो रंगमंचावर चढतो, पात्राची जागा घेतो आणि वेगळं काहीतरी करून पाहतो. ते जमलं नाही तर दुसरा कोणी चढतो. माझ्या मते चर्चेच्या केसची याहून चांगली व्याख्या कोणी केलेली नाही.

मराठी रंगभूमीला डॉक्टरांचा तोटा कधीच नव्हता. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ञ. रंगभूमीला डॉक्टर मिळाले, पण वैद्यकीय वर्गाला रंगभूमी त्या मानाने फारच कमी मिळाली. डॉ. आगाशे हा ठळक अपवाद. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये त्यांनी उभा केलेला, स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित हत्तीच्या मागे निघून जातो, तेव्हा आजाराची व्याख्या कोणी सांगत नाही. पण घरच्या माणसांनी आता नेमकं काय करायचं हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मानगुटीवर बसतो. मानसिक आरोग्याच्या शिक्षणासाठी सिनेमा वापरण्याचा आगाशे यांचा आग्रह यातूनच समजतो.

आता ही चर्चा निव्वळ हौसेची राहिलेली नाही. 2019 पासून देशभर एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचा वेगळा भाग आला, आणि तो व्याख्यानातून नव्हे तर केस मांडून, लहान गटांत चर्चा करून शिकवायचा असं ठरलं. शवविच्छेदनाच्या टेबलावरचा मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, हा पहिल्या वर्षातला त्याचा एक धडा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालच्या सगळ्या महाविद्यालयांना आता वर्षभर केसेस लागतात. अध्यापकांपुढे मात्र दीडशे-दोनशे मुलांची तुकडी, ओपीडीची गर्दी आणि मध्येच एखादी तपासणी समिती. मग होतं असं की मिळेल ती परदेशी केस छायाप्रत काढून वाटली जाते. तिच्यातला रुग्ण विम्याबद्दल विचारतो, डॉक्टर त्याला भेटीची वेळ देतो, आणि लातूरच्या किंवा मिरजेच्या वर्गात ही माणसं कोणालाच ओळखू येत नाहीत.

घरची केस हवी तर ती शोधायला फार लांब जावं लागत नाही. कोपर्निकस मार्गापासून चालत जाता येईल अशा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात एक अस्सल कोकण-पुणे प्रकरण आहे. न्यायवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचं नाव ऐकलेलं असतं: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. निकाल 2 मे 1968 चा. वर्गात ते सहसा दोन ओळींत उरकलं जातं: डॉक्टरची तीन कर्तव्यं असतात. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, उपचार कोणता द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो काळजीपूर्वक देणं. मुलं लिहून घेतात, परीक्षेत लिहितात. प्रकरण मात्र कोणी वाचत नाही.

निकालपत्रातली हकीकत अशी. 6 मे 1953, सूर्यास्ताची वेळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडतं. किनारा घरापासून दीड मैलावर, त्यामुळे खाट आणून त्याला घरी न्यायलाच वेळ जातो. रात्री साडेआठ-पावणेनऊला गावातले डॉक्टर येतात आणि पायाला लाकडी फळ्या बांधतात. दुसऱ्या दिवशी ते मुलाला पुण्याला न्यायचा सल्ला देतात. 8 तारखेला फळ्या काढून रीतसर स्प्लिंट लावले जातात. रात्री एक वाजता टॅक्सीत त्याला अर्धवट आडवं करून आई आणि ते डॉक्टर निघतात. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून 9 तारखेला सकाळी साडेअकराला ते पुण्यात पोचतात. वडील स्वतः डॉक्टर, दौंडला व्यवसाय करणारे. तेही पुण्याला आलेले असतात. दुपारी मुलाला एका शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयात दाखल करतात. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितलेली असतात, साहाय्यक डॉक्टर एकच देतात. क्ष-किरण काढले जातात. मग वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात तासाभराहून थोडा जास्त वेळ पायावर काम होतं आणि प्लास्टर घातलं जातं. साडेपाचला मुलाला खोलीत आणतात. सातपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असं सांगितल्यावर वडील दौंडला परत जातात. आई थांबते. साडेसहाला तिच्या लक्षात येतं की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. डॉक्टर येतात, धावपळ होते, आणि रात्री नऊला मुलगा जातो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं जातं: फॅट एम्बॉलिझम, म्हणजे मोडक्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकणं.

न्यायालयात दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आईवडील म्हणाले, भूल न देता तीन माणसं लावून जोराने पाय ओढला, त्या धक्क्याने मुलगा गेला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या प्रवासाने थकलेल्या मुलावर आम्ही पूर्ण हाड बसवण्याचा प्रयत्न केलाच नाही. हलका ताण देऊन प्लास्टर घातलं, बाकीचं नंतर करणार होतो. न्यायालयांनी आईवडिलांची बाजू ग्राह्य धरली. नुकसानभरपाई तीन हजार रुपये.

हे सगळं जसंच्या तसं वर्गात वाचून दाखवलं तर काय होईल? ‘डॉक्टर चुकला’ असं म्हणून मुलं मोकळी होतील. न्यायालयाकडून आलेली खोड ती हीच: निकालपत्र शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिलेलं असतं. मृत्यू आधी, मग त्याकडे नेणारी पावलं, मग ती कोणाची. त्यात चूक काही नाही, न्यायालयाचं कामच ते आहे. पण शिकणाऱ्याला जिथे उभं राहायचंय तिथे शेवट दिसत नसतो. पालशेतच्या त्या रात्री कंदिलाच्या उजेडात फळ्या बांधणाऱ्या डॉक्टरला 9 मे दिसत नव्हता.

म्हणून केस लिहिणाऱ्याने पहिलं काम करायचं ते घड्याळ उलटं फिरवण्याचं. प्रत्येक क्षणी कोणाला काय माहीत होतं तेवढंच लिहायचं. निकालपत्राची शिस्त इथे कामी येते: कोण कधी आलं, काय म्हणालं, कोणती वस्तू हाताशी होती हे त्यात काटेकोर असतं, आणि तेवढं मात्र अजिबात ढिलं पडू द्यायचं नाही. मग बोआलच्या प्रेक्षकासारखं ‘थांबा’ म्हणायच्या जागा शोधायच्या. या प्रकरणात मला निदान चार दिसतात.

पहिली पालशेतला, पहिल्या रात्री. मांडीचं हाड मोडलेला तरुण, बोटांना संवेदना आहे, नाडी बरी आहे. आत्ता न्यायचं की सकाळी? न्यायचं तर कसल्या रस्त्याने, कसल्या आधाराने? आजच्या मुलाला वाटतं 108 ला फोन केला की झालं. त्याला सांगायचं, फोन नाही. मग तो विचार करायला लागतो की प्रवासात मोडलेलं हाड न हलू देणं हाच उपचार आहे, आणि फळ्यांच्या जागी स्प्लिंट मिळवायला दीड दिवस थांबणं शहाणपणाचं होतं की उशीर होता. यावर अस्थिरोगतज्ञांतही दोन तट पडतात, मी पाहिले आहेत.

दुसरी जागा शस्त्रक्रियागृहाच्या दारात. तुम्ही साहाय्यक डॉक्टर आहात. वरिष्ठांनी दोन इंजेक्शनं सांगितली, तुम्ही एक दिलं. का? हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? निकालपत्रात ही बाब एका वाक्यात येते आणि जाते, पण इंटर्नशिप केलेल्या कोणालाही विचारा: वरिष्ठांनी सांगितलेलं आणि प्रत्यक्ष झालेलं यांतली तफावत न सांगता गिळणं ही रोजची गोष्ट असते.

तिसरी जागा मला सगळ्यात आवडते. साडेपाच वाजलेत. तुम्ही वडील आहात आणि डॉक्टरही. तुमच्याच पेशाचे लोक तुम्हाला सांगतायत, काळजी नको. दौंडची गाडी आहे, दवाखाना आहे. तुम्ही जाता की थांबता? आणि तुम्ही त्या रुग्णालयातले डॉक्टर असाल तर एका डॉक्टर-नातेवाइकाला काय सांगाल, किती सांगाल? इथे वर्ग गप्प होतो, कारण बऱ्याच मुलांच्या घरी अशी बोलणी झालेली असतात.

चौथी, साडेसहाची. आई म्हणते, ‘याला धाप लागतेय.’ ती डॉक्टर नाही. तिचं म्हणणं पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात? आज दाखल रुग्णाच्या नातेवाइकाने असं म्हटलं तर तुमच्या वॉर्डात पुढच्या दहा मिनिटांत काय होतं, ते खरं सांगा.

या चार जागांवर मुलं झगडली की एक मजा होते. कोणीतरी हुशार मुलगी बोटांवर तास मोजते. मांडीचं हाड मोडल्यावर फॅट एम्बॉलिझम साधारण 24 ते 72 तासांत दिसतो असं पाठ्यपुस्तक सांगतं. 6 मेचा सूर्यास्त ते 9 मेची संध्याकाळ, म्हणजे जवळपास 72 तास. मग ती विचारते, ‘सर, दाखल्यावरचं कारण खरंही असू शकतं ना?’ शकतं. धक्का आणि चरबी दोन्हीही असू शकतात, आणि न हलू देता आणलेला पाय, भूल, वेदना, प्रवास या सगळ्यांचा दोन्हींशी संबंध असू शकतो. न्यायालयाला त्याच्यासमोरच्या साक्षीपुराव्यावर एक उत्तर देणं भाग होतं. वर्गाला ते भाग नाही. हा प्रश्न अध्यापकाने स्वतः कधीच काढायचा नाही. तो मुलांतून यावा यासाठीच तारखा आणि वेळा काटेकोर लिहायच्या असतात.

न्यायालयाची खोड निकालाची, तशी रंगभूमीची खोड उत्कर्षबिंदूची. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली तर ती पुढे उडलीच पाहिजे, असा एक नियम चेखॉव्हच्या नावावर सांगतात. चेखॉव्ह स्वतः डॉक्टर होता, त्याला नक्की माहीत असणार की ओपीडीच्या भिंतीवर कधीच न उडणाऱ्या शंभर बंदुका टांगलेल्या असतात. नवशिका केसलेखक मात्र रुग्णाने कुत्रं पाळलंय असं लिहिलं की शेवटी आजार कुत्र्याचाच काढतो. विद्यार्थी दोन केसेसमध्ये ही खूण ओळखतात आणि मग रुग्णाचा विचार न करता लेखकाचा विचार करू लागतात: सरांनी हे वाक्य का घातलं असेल? हे टाळायचं तर केसमध्ये थोडा निरुपयोगी पसारा राहू द्यावा लागतो. जुनी औषधांची चिठ्ठी, शेजारणीचं मत, दोन वर्षांपूर्वीचं एक्स-रे पाकीट.

तपशील म्हणजे नुसती सजावट नव्हे, हे कोकणातलाच दुसरा दाखला सांगतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून लाल विंचू चावलेले रुग्ण पाहत होते. त्या वेळी असे कितीतरी रुग्ण दगावत. बावस्कर रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत: आधी उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग चढलेला रक्तदाब, आणि तासांनंतर फुप्फुसात साचणारं पाणी. विषामुळे शरीरातली उत्तेजक संप्रेरकं एकदम ओतली जातात आणि हृदय त्या भाराखाली खचतं, हे त्या क्रमातूनच उलगडलं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं, आणि 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. गंभीर रुग्णांतलं चाळीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण पुढे एक टक्क्यावर आलं. यावर केस लिहायची तर ‘विंचूदंशावर औषध कोणतं?’ हा प्रश्न विचारून तिचं वाटोळं करू नये. त्या काळातल्या प्रचलित उपचारांची यादी द्यावी, त्या रात्रीच्या नोंदी तासातासाने द्याव्या आणि विचारावं: यातलं कोणतं औषध तुम्ही थांबवाल, आणि कशाच्या जोरावर?

भाषेचं काय? केस इंग्रजीत लिहायची असली तरी रुग्णाने तोंड उघडलं की ते त्याचंच असावं. दोन नमुने पाहा. एक: ‘52 वर्षांची मधुमेही स्त्री, मळमळ, घाम, छातीत अस्वस्थता, ईसीजीत बदल.’ दुसरा: ‘रात्री साडेदहा. ग्रामीण रुग्णालयात तुम्ही एकटेच ड्युटीवर. पन्नाशीच्या बाई, सोबत दीर. बाई म्हणतात, पित्त खवळलंय, दुपारपासून कसंतरीच होतंय. दीर म्हणतो, काल एकादशी होती, उपासाचं बाधलं असेल. एक इंजेक्शन द्या, गाडीवाला खोळंबलाय. ईसीजीचं मशीन आहे, कागद संपलाय. स्टोअरची किल्ली फार्मासिस्टकडे आणि तो घरी गेलाय.’ पहिल्या नमुन्यात विचार करण्यासारखं जे होतं ते लेखकानेच करून टाकलंय. वाचणाऱ्याने फक्त ‘हृदयविकार’ म्हणायचं. दुसऱ्यात मुलाला आधी शंका यावी लागते, मग ती दिराला पटवावी लागते, मग किल्ली मिळवावी लागते. आणि हे सगळं वर्तमानकाळात लिहिलेलं आहे. ‘बाईंना हृदयविकार झाला होता’ असं लिहिलं की ती न्यायालयाची भाषा झाली.

एक गोष्ट जपून करायची असते. खऱ्या रुग्णावरून केस घेतली की नाव बदललं म्हणजे झालं असं समजतात. लहान गावात नाव बदलून काही होत नाही. तालुक्यात एकच बालरोगतज्ञ असेल आणि एकाच घरात जुळी असतील तर सगळ्यांना कळतं. गाव, वय, व्यवसाय, कधीकधी आजारही बदलावा लागतो, आणि रुग्णाची संमती घ्यावी हे उत्तम. याहून अवघड प्रश्न वर्गातल्या माणसांचा. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा: खेळ म्हणून मांडलेला खोटा खटला बघता बघता तिथे हजर असलेल्या एका बाईचा खरा खटला होतो, आणि आरोप करणारे सगळे खेळाच्या आड सुरक्षित राहतात. अविवाहित मुलीच्या गर्भपाताची, दारूच्या व्यसनाची, आत्महत्येच्या प्रयत्नाची केस वर्गात मांडताना समोर बसलेल्यांत कोणीतरी त्यातून गेलेलं असणारच, असं धरून लिहावं. केसमधल्या त्या मुलीला बोलू द्यावं, तिला प्रश्न विचारू द्यावेत, आणि चर्चेचा रोख तिच्याकडे नव्हे तर डॉक्टरच्या वागण्याकडे राहील असे प्रश्न बांधावेत. आपल्याकडच्या केसेसमध्ये अडाणी असते ती नेहमी मोलकरीण, हिंसक असतो तो नेहमी रिक्षावाला, आणि समजूतदार असतो तो निवृत्त प्राचार्य. ही पात्रयोजना एकदा उलटी करून बघायला हवी.

केसबरोबर दुसरा कागद लागतो, तो अध्यापकासाठी. नाटकाच्या प्रॉम्प्टरकडे असते तशी ही वही: मुलं कुठे अडतील, कोणता वाद होऊ द्यायचा, कोणती माहिती मागितली तरच द्यायची, कुठल्या क्षणी पुढचं पान वाटायचं. ही वही नसली की चांगली केससुद्धा दुसऱ्याच्या हातात व्याख्यान होते, कारण गप्प बसणं अध्यापकाला सगळ्यात जड जातं. आणि प्रश्न? ‘निदान सांगा’ हा शेवटचा प्रश्न असावा, पहिला कधीच नाही. पहिला प्रश्न असा हवा की त्यावर गटात किमान दोन मतं पडतील. केस वापरायच्या आधी ती दोन सहकाऱ्यांना आणि एका परिचारिकेला वाचायला द्यावी. तिघांचं उत्तर एकच आलं तर केस अजून तयार नाही. परिचारिकेचं मत मी मुद्दाम सांगतो, कारण किल्ली कोणाकडे असते ते तिलाच माहीत असतं.

एकच जाडजूड केस वर्षभर घोळवत बसण्यापेक्षा लहान लहान पुष्कळ केसेस बऱ्या. आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये दाखवून दिलं की एका केसमध्ये उत्तम तर्क करणारा डॉक्टर दुसरीत तितकाच चांगला ठरेल याची खात्री नसते. आणि केस जुनीही होते. पहिल्या तुकडीने सोडवली की उत्तर वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतं आणि पुढच्या वर्षीची मुलं पालशेतचं नाव ऐकताच ‘फॅट एम्बॉलिझम’ असं एका सुरात म्हणतात. यावर नवी केस लिहिणं हा एक उपाय. दुसरा सोपा आहे: मजकूर तोच ठेवायचा आणि थांबायची जागा बदलायची. या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर, पुढच्या वर्षी शस्त्रक्रियागृहाच्या दारात, त्याच्या पुढच्या वर्षी साडेपाच वाजता, वडील दौंडला निघालेले असताना.